बाबांचे धोटे आणि बाहेरची मॅच

आमच्या गल्लीत माणसाची पारख एकाच प्रश्नावर व्हायची. बाहेरच्या मॅचला येतोस का?

घरच्या मॅचला सगळेच यायचे. ती शुक्रवारी असायची, खाडीच्या बाजूच्या मोकळ्या मैदानावर. भिवंडीत लूमला सुट्टी शुक्रवारची, त्यामुळे माणसं दुपारी न्हाऊन, केसांतला कापसाचा भुगा धुऊन, पान लावून निवांत मैदानावर पोचायची. पोरांनी गोल केला तर ‘आपला संघ’, आणि खाल्ला तर ‘तुमची पोरं’. बाबा या लोकांना शुक्रवारचे पाहुणे म्हणायचे. घरी उशीला टेकून संघाची अक्कल काढणाऱ्या माणसांचा मला आजही राग येतो, आणि तो मूळचा बाबांचा आहे.

बाहेरची मॅच रविवारी. जगाचा रविवार सुट्टीचा, आमचा कामाचा. म्हणजे कल्याणला किंवा वसईकडे जायचं तर कामावर खाडा करावा लागायचा आणि वर शेठची बोलणी खावी लागायची. म्हणून गल्लीने एक रीत पाडली होती. बाहेरची मॅच असली की घरटी एक माणूस द्यायचा. बारशाला, मयताला देतात तसाच. ज्या घरातून कोणी आलं नाही त्या घराला कोणी काही बोलायचं नाही, पण सोमवारी नळावर त्या घरच्या बाईला आपोआप उशिरा नंबर मिळायचा.

दोन हजार तीन-चार-पाचच्या सुमाराची ही गोष्ट. केबलवर परदेशातल्या मॅचेस दिसायला लागल्या होत्या आणि पोरं तिथल्या संघांचे शर्ट घालून फिरायची. पण आमच्या संघात खेळणारे सगळे लूमवरचेच होते. अर्धे उत्तर प्रदेशातले, दोन तेलुगू भाऊ, बाकी आमच्यासारखे इथल्या तालुक्यातले. बाबा मूळचे दिघाशीचे. शेतीत भागेना म्हणून विशीत भिवंडीला आले आणि लूमवर लागले. गावी असेपर्यंत त्यांनी फुटबॉल डोळ्यांनी पाहिला नव्हता. पण एकदा पाहिला आणि मग त्यांचं सगळं वेड त्यात गेलं. आई म्हणायची, दुसऱ्या बायकांना सवती असतात, मला बॉल आहे.

बाबा जॉबर होते. लूम बिघडला की विणणारा कामगार हात वर करतो आणि जॉबर येऊन दुरुस्त करतो. पण चांगला जॉबर हात वर होण्याची वाट बघत नाही. चोवीस लूमच्या गदारोळातून एखाद्याची खटखट किंचित ढिली पडली की त्याला ती चालता चालता कळते. आमचे शेठ पाहुण्यांना कारखाना दाखवताना बाबांकडे बोट करून म्हणायचे, "लूम काय, कोणीही विकत घेईल. जॉबरचा कान विकत मिळत नाही." बाबा तेव्हा मान खाली घालून हसायचे. शेजारच्या कारखान्यातला म्हातारा जॉबर ऐकू येईनासं झाल्यावर कामावरून कमी झाला होता. तो आता दाराशी बसून बायकांबरोबर कांड्या भरायचा, म्हणजे धोट्यात घालायच्या नळ्यांवर सूत गुंडाळायचा. बाबा त्याच्यासमोरून जाताना रस्ता बदलायचे. ते का, हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

धोटा म्हणजे लूममध्ये इकडून तिकडे पळणारा, दोन्ही टोकांना लोखंड बसवलेला लाकडी तुकडा. झिजला की टाकून देतात. आमच्या गल्लीची मॅचमधली वाद्यं तीच. दोन जुने धोटे एकमेकांवर आपटले की असा टणक आवाज निघतो की कानाच्या पाळ्या थरथरतात. तीस-चाळीस माणसं लूमच्या ठेक्यात ते वाजवायला लागली की समोरच्या संघाचा गोलकीपर हमखास मागे वळून बघायचा. बाबांचे धोटे काळेभोर आणि तेल पिऊन गुळगुळीत झालेले होते. आई ते एका कापडी पिशवीत घालून गाठ मारून द्यायची.

आणि दुसरं होतं हातांचं बोलणं. कारखान्यात आवाजाने आवाज ऐकू येत नाही, म्हणून लूमवाले खुणांनी बोलतात. दोन तर्जन्या जोडून फटकन दूर केल्या की धागा तुटला. मूठ उलटी केली की कांडी संपली. बाबा मैदानाच्या कडेला उभे राहून हेच करायचे. धागा तुटला म्हणजे तुमच्या बचावात भगदाड पडलंय. कांडी संपली म्हणजे हा गडी दमला, बदला. आमच्या पोरांना ते शंभर फुटांवरून कळायचं. समोरच्यांना वाटायचं, हा माणूस देवाला हात करतोय.

बाबा म्हणायचे, "घरच्या मैदानावर तू गप ऱ्हायलीस तरी कोणाला कळतंय? हजारात एक तोंड. भायेर चाळीस जणं असतो, त्यात एक गप बसला तरी भोक पडतं." मला हे तेव्हाही पटायचं, आताही पटतं. परक्या मैदानावर माणूस मोजका असतो, आणि मोजक्या माणसाला अंग चोरता येत नाही.

रीत घरटी एक माणसाची असताना आमच्या घरातून दोन जायचो. बाबा आणि मी. मी तेव्हा अठराची, कॉलेजात. टेम्पोत मी एकटीच मुलगी. आईला ते मुळीच पसंत नव्हतं. बाबांनी सांगितलं, पाण्याचे कॅन आणि लिंबं सांभाळायला कोणीतरी हवं. मला वाटायचं, मला फुटबॉल आवडतो म्हणून नेतात. मैदानावर मात्र ते मला कॅनपाशी थांबू द्यायचे नाहीत. "इथं ऱ्हा, माझ्या डाव्या बाजूला." आणि मग मॅचभर, डोळे बॉलवरून न काढता, कोपराने ढोसून विचारायचे, "शिट्टी झाली काय?" "कोणासाठी दिली?" मी सांगायची. एखादा आपल्याला चष्मा शोधून दे म्हणतो आणि आपण देतो, तसं ते होतं. त्यात काही आहे, असं मनात आलंच नाही.

खरं तर असं म्हणणं लबाडीचं होईल. मनात आलं होतं, आईच्याही आलं होतं. पण भिवंडीत ही गोष्ट लपायला जागा पुष्कळ. आमच्या गल्लीत सगळेच ओरडून बोलायचे. दिवसभर लूममध्ये राहून आलेला माणूस मीठ मागितलं तरी भांडतोय असं वाटायचं. टीव्ही सगळ्यांचाच मोठा. हाक मारून तीनदा ओ न देणारे प्रत्येक घरात. त्यात आमचा एक माणूस थोडा जास्त, एवढंच. फक्त लोडशेडिंगच्या वेळी ते उघडं पडायचं. लाइट गेली की सगळ्या गल्लीचे लूम एका दमात थांबायचे. इतकी शांतता पडायची की तान्ही पोरं दचकून उठायची. लोक हुश्श करत ओट्यावर येऊन बसायचे आणि आवाज उतरवून माणसांसारखं बोलायला लागायचे. तेवढ्या वेळात बाबांना हटकून काहीतरी काम निघायचं. सायकल पुसायची, नाहीतर नाक्यावर जाऊन येतो म्हणायचे. दुनिया शांततेला सुख म्हणते. माझा बाप शांततेला भ्यायचा.

आता वाटतं, त्यांना बाहेरच्या मॅचचं एवढं वेड का होतं याचं अर्धं उत्तर त्यातच होतं. टेम्पोत, मैदानावर, चाळीस माणसं घसा फोडत असताना कोणालाच कोणाचं ऐकू येत नाही. तिथे ते चारचौघांसारखे होते. चारचौघांपेक्षा वरच होते, कारण हातांची भाषा त्यांच्याइतकी कोणाला येत नव्हती.

टेम्पो कोन गावातल्या एका काकांचा. काकांच्या जमिनी गोदामांना गेल्या होत्या आणि गाठीला दोन टेम्पो होते. लूमशी संबंध नाही, पण फुटबॉलपायी ते आमच्या गल्लीचे झाले होते आणि संघाचे सगळे व्यवहार बघायचे. दोन वर्षांपूर्वी कल्याणला आमच्यातल्या दोघांनी पिऊन राडा केला होता, तेव्हा बाबांनीच टेम्पोच्या फळीवर चढून नियम घातला होता. पिऊन येईल त्याला यापुढे टेम्पोत जागा नाही, मग तो कोणी का असेना. बाबांनी आयुष्यात थेंबाला हात लावलेला नव्हता. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या होत्या.

त्या रविवारी मॅच वसईकडच्या एका गावात होती. चषकाचे सामने रंगात आले होते, म्हणून शेठ स्वतः गाडी घेऊन येणार होते. संघाचे शर्ट त्यांनीच दिले होते ना. आम्ही अंजूर फाट्यावरून कामणच्या रस्त्याने निघालो. खड्ड्यांत टेम्पो आपटला की चाळीस जणांचे धोटे आपोआप वाजायचे आणि सगळे हसायचे. बाबा फळीला धरून उभे होते. वारा तोंडावर घेत त्यांनी मला खुणेने विचारलं, भूक लागली का? टेम्पोत त्यांच्याइतकं खूश कोणीच नव्हतं.

ते मैदान मला अजून आठवतं. एका बाजूला चर्च, दुसरीकडे केळीच्या बागा, आणि दोरी बांधून केलेली कड. आमच्या मैदानावर गवत म्हणजे अफवा होती. इथे खरं गवत होतं. गावातली माणसं खुर्च्या घेऊन बसली होती, त्यात बायकाही पुष्कळ. पहिल्या रांगेत काळे कपडे घातलेली एक म्हातारी होती. मला त्याचं काही वाटलं नाही.

बाबा दोरीशी उकिडवे बसून पिशवीची गाठ सोडायला लागले. आईने ती नेहमीपेक्षा घट्ट मारली होती. मी कॅन भरायला विहिरीकडे गेले. म्हणजे मी त्यांच्या डाव्या बाजूला नव्हते. नेमकी तेव्हाच नव्हते.

कॅन घेऊन परत येत होते तेव्हा रेफरीने लांब शिट्टी दिली. दोन्ही संघ मधल्या रेषेवर रांगेत उभे राहिले, माना खाली. कोणीतरी कर्ण्यावरून सांगितलं की गावाच्या संघाचे जुने गोलकीपर परवा वारले, त्यांच्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू. खुर्च्या सरकल्या, सगळे उठले. मी मैदानाच्या कोपऱ्यावर होते. कॅन हातात तसाच धरून मीही उभी राहिले.

तिथून मला बाबा दिसत होते. गाठ एकदाची सुटली. त्यांनी वर पाहिलं. पोरं रांगेत उभी आहेत, म्हणजे मॅच सुरू होणार. मग त्यांनी आमच्या चाळीस जणांकडे पाहिलं. सगळ्यांची तोंडं मिटलेली, खांदे पडलेले. त्यांचा चेहरा कसा बदलला ते मी पाहिलं. हे लोक परक्या मैदानावर येऊन घाबरले, असं त्यांना वाटलं. मी धावायला हवं होतं. साठ-सत्तर पावलांचं अंतर होतं. पण मयताच्या शांततेत धावायचं कसं, ही लाज आडवी आली आणि मी उभीच राहिले.

बाबांनी धोटे आपटले. टक्, टक्-टक्. त्या शांततेत तो आवाज चर्चच्या भिंतीवर आदळून परत आला.

"आरं, बोला की! तोंडांना कुलपं लावलीत काय? पोरं आपली हायत ना?"

आमच्यातल्या एकाने त्यांचा दंड धरला. त्यांना वाटलं, हा साथ देतोय. ते आणखी जोरात वाजवायला लागले. काळ्या कपड्यांतल्या म्हातारीने मान वर करून पाहिलं. मग मी कॅन टाकला आणि धावले.

मी पोचेपर्यंत गावातली चार-पाच तरणी पोरं दोरी ओलांडून आली होती. कोणी शिव्या दिल्या नाहीत, त्याने जास्त भीती वाटली. एकाने विचारलं, "बहिरा आहे का हा माणूस? शिट्टी झाली, कर्ण्यावर सांगितलं, काही ऐकू येत नाही का याला?"

आणि खुर्चीपुढे उभे असलेले आमचे शेठ वळले.

ते रागावले नव्हते. जवळ आले आणि अगदी काळजीने बाबांना म्हणाले, "काय रे, खरंच ऐकू आलं नाही का तुला?" शेठच्या तोंडात पान होतं. ओठ धड हलतच नव्हते. बाबांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग त्या पोरांच्या तोंडांकडे, मग दुसऱ्याच्या, तिसऱ्याच्या. एवढी तोंडं एका वेळी हलत होती. त्यांना कळलं होतं की काहीतरी भयंकर झालंय, पण काय, ते कळत नव्हतं. शेवटी ते माझ्याकडे वळले, मॅचभर वळायचे तसे. माझ्या डोळ्यांसमोर दाराशी बसून कांड्या भरणारा तो म्हातारा आला.

"त्यांना ऐकू येतं," मी म्हटलं. "बाबा प्यायलेत. माफ करा."

मी ते पोरांना सांगत होते, पण तोंड बाबांकडे होतं. आणि लूमवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला शब्द ऐकू यावा लागत नाही, ओठ दिसले की पुरतं. त्यांनी माझ्या ओठांवरून तो शब्द वाचला. माझ्याकडे दोन क्षण पाहिलं. मग त्यांचे खांदे सैल झाले, हातातला एक धोटा गळून पडला आणि माझा बाप, ज्याने दारूचा वाससुद्धा घरात येऊ दिला नव्हता, एक पाऊल बाजूला झोकांडी खाऊन गेला.

नाटक वाईट होतं. ज्याने कधी घेतलीच नाही त्याला झोकांडी कशी जमणार? पण सगळ्यांनी ते मानलं. शेठच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. ते हसलेसुद्धा. "हा पण घेतो होय? मला वाटलं होतं, आमचा जॉबर म्हणजे देवमाणूस." पिणारा जॉबर भिवंडीत चालतो. बहिरा चालत नाही.

काकांनी गावकऱ्यांसमोर हात जोडले. दोघांनी बाबांना धरून कुंपणाबाहेर नेलं आणि टेम्पोत बसवलं. जाताना ते त्या म्हातारीसमोरून गेले, थबकले, वाकायला गेले. धरणाऱ्यांनी त्यांना पुढे ओढलं. बहिऱ्या माणसाला माफी मागता आली असती. दारुड्याने मागितलेली माफी कोण घेतो? ते दारही मीच बंद केलं होतं.

मग मॅच सुरू झाली. आमच्यातल्या कोणीही धोटे काढले नाहीत. कोणी तसं ठरवलं नव्हतं, लाजच तेवढी होती. आमची पोरं इतक्या शांततेत कधी खेळलीच नव्हती. बॉल आपटल्याचा, बुटांचा, श्वासाचा आवाज येत होता आणि ती बिचारी पास देण्याआधी कडेला बघत होती. कडेला खुणा करणारं कोणी नव्हतं. पहिला हाफ कसाबसा गोल न होता संपला.

मध्यंतरात त्यांच्या गावातला एक वयस्क माणूस दोरीपाशी आला. गेलेल्याचा धाकटा भाऊ, असं त्याने सांगितलं. आम्ही सगळे उठून उभे राहिलो. तो म्हणाला, "तुम्ही ती लाकडं आणलीत ना? मग वाजवा की. माझा भाऊ गोलात उभा असायचा. मैदान गप्प असलं की त्याला झोप यायची." आणि जरा थांबून म्हणाला, "तुमच्या त्या माणसाने भावाला उठवायचा प्रयत्न केला म्हणायचं. आमच्या वहिनीपण असंच म्हणाल्या."

काकांचे डोळे भरून आले. मग आम्ही वाजवले. बाबांचे धोटे मी वाजवले, खाली पडलेला मातीतून उचलून, पुसून. खुर्च्यांवरची माणसंही टाळ्यांनी साथ द्यायला लागली, दोन्ही बाजूंच्या चालींना सारखीच. आम्ही एका गोलने जिंकलो. इतक्या मॅचेस पाहिल्या, तसा आवाज मी परत ऐकला नाही. दोन गावांनी मिळून एका मेलेल्या गोलकीपरला जागं ठेवलं होतं. आणि ज्याच्यामुळे हे झालं तो कुंपणापलीकडे टेम्पोत बसला होता. त्याला माफी मिळाली होती, पण त्याला त्यातलं काही ऐकू येत नव्हतं.

परतीच्या वाटेवर बाबा कोपऱ्यात डोळे मिटून बसले. लोक म्हणाले, उतरली नाही अजून. घरी आल्यावर मी त्यांना त्या भावाचं बोलणं सांगायला गेले. त्यांनी हात वर करून थांबवलं आणि जेवायला बसले. आईला मी सगळं सांगितलं. आईने मला मारलं नाही, रागावलीसुद्धा नाही. फक्त म्हणाली, "दोन्हीतलं एक बोलायचंच होतं ना कोणीतरी."

चार दिवसांनी काका आले. बाबा कामावर होते. काका ओट्यावर टेकले, चहा घेतला नाही.

"पुढची मॅच पनवेलला हाय," ते म्हणाले. "त्याला न्हाय नेता येत. नेम त्यानंच घातलाय."

"काका, ते पीत नाहीत," मी म्हटलं.

"मना काय सांगतंस? मना म्हाईत हाय. पंधरा वर्षांचा दोस्त हाय माझा." मग आवाज उतरवून म्हणाले, "पन मी त्याला टेम्पोत चढवला तर लोकं इचारतील ना, कसा काय चढवला? मंग मना खरं सांगावं लागंल. सांगू?"

ते उठले. "घरटी एक माणूस लागतो," जाता जाता म्हणाले. "तू ये."

पनवेलच्या रविवारी बाबा सकाळी कामावर गेले नाहीत. खाडा आधीच सांगून ठेवला होता, सवयीने. टेम्पो नाक्यावर उभा राहिला तेव्हा ते माझ्याबरोबर तिथपर्यंत आले. पिशवी माझ्या हातात दिली. गाठ या वेळी त्यांनीच मारली होती, एका ओढीत सुटेल अशी. टेम्पोतल्या कोणी त्यांच्याकडे पाहिलं, कोणी पाहिलं नाही. एक टारगट पोरगा म्हणाला, "चाचा, आज कितनी ली?" बाबांनी बोटांनी चिमूटभर माप दाखवलं आणि हसले. टेम्पो वळेपर्यंत ते तिथेच होते.

दिवस मावळायच्या आत मी परत आले. बाबा बाजेवर बसले होते, दाराकडे तोंड करून. त्यांनी स्कोअर विचारला नाही. तो त्यांना कुठूनतरी कळला असणार, आम्ही दोन-एकने हरलो होतो.

"आवाज कसा व्हता?" त्यांनी विचारलं.

मी त्यांच्या कानाशी तोंड नेऊन मोठ्याने सांगायला लागले. त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला.

"वरडू नको, बाय. गल्लीला कशाला ऐकवतंस?"

इतक्या वर्षांत त्यांनी एवढंच कबूल केलं होतं. मला रडू आलं आणि त्यांनी ते न बघितल्यासारखं केलं. मग त्यांनी तळहात बाजेच्या गातावर, कडेच्या लाकडी दांड्यावर टेकवला. कारखान्यात ते लूमच्या चौकटीवर ठेवायचे तसाच, वैद्याने नाडी धरावी तसा. त्यांची ती लकब म्हणून लोक हसायचे. किती वर्षं ते लूम कानाने नाही, तळव्याने ऐकत होते, हे मला त्या क्षणी कळलं. शेठला ते कधीच कळलं नाही. पुढे सात वर्षं, निवृत्त होईपर्यंत, त्यांचा एकही लूम कधी अडला नाही.

"इथं वाजव," ते म्हणाले. "पयल्यापासनं. जसा झाला तसा."

मी पिशवीची गाठ ओढली. धोटे काढून गातावर वाजवायला लागले. सुरुवातीचा जोर, आमचा गोल झाला तेव्हाचा दणका, मध्यंतराची विश्रांती. मग त्यांचा पहिला गोल, त्यानंतर आम्ही वाजवलं ते. बाबा डोळे मिटून होते. शेजारच्या कारखान्यात लूम चालूच होते, पण त्यांचा तळवा फक्त माझ्याकडे होता. मी थांबले.

"दुसऱ्या हाफला ढिले पडलात," ते म्हणाले.

ते खरं होतं. त्यांचा दुसरा गोल झाला तेव्हा चाळिसांतल्या निम्म्यांनी धोटे खाली ठेवले होते, आणि त्यांत मीही होते. मी हे कोणाला सांगितलं नव्हतं. मी तोंड उघडलं नाही. त्यांना दिसेल असे दोन्ही हात वर केले, तर्जन्या जोडल्या आणि दूर केल्या. धागा तुटला होता.

बाबांनी मान हलवली. "पुढच्या बारीला जोड," म्हणाले, आणि धोटे पुसायला माझ्या हातातून घेतले.